निगेटिव्हमधली बाई

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला कांचनचा हात थांबला. आता हात थांबला म्हणजे काही आभाळ कोसळलं नाही. तिच्या कामात हात दर दोन मिनिटांनी थांबतोच. डावीकडच्या चकतीवरून फिल्म सुटते, मधल्या उजेडाच्या काचेवरून सरकते, उजवीकडच्या चकतीवर गुंडाळली जाते, आणि मधे बसलेल्या माणसानं पांढरे सुती हातमोजे घालून, भिंग डोळ्याला लावून एकेक चौकट बघायची. कुठं फाटलंय, कुठं कडेची भोकं तुटलीत, कुठं फिल्मला घाम फुटून ती चिकट झालीय, ते कागदावर लिहायचं आणि पुढं सरकायचं. पाच वर्षं ती हेच करत होती. शिकागोच्या पश्चिमेला, गोदामांच्या रांगेत, जुन्या सिनेमांच्या एका खासगी संग्रहाची बसकी, बिनखिडक्यांची इमारत होती. नागपूरला एमएस्सी केमिस्ट्री करताना कुणी सांगितलं असतं की बाई, पुढं तू अमेरिकेत मेलेल्या माणसांची चित्रं हुंगत बसशील, तर तिनं त्याला वेड्यात काढलं असतं. हुंगत हा शब्द तिचाच. जुनी फिल्म सडायला लागली की डोळ्यांआधी नाकाला कळतं. पावसाळ्यात दोन दिवस बुटात राहिलेल्या मोज्यांसारखा वास येतो, आणि मग चित्रावर फोड यायला लागतात. तिचं नाक फार तयार झालं होतं आणि तिला त्याचा थोडा अभिमानही होता.

या खेपेला आलेला सिनेमा जर्मन होता, पहिलं महायुद्ध संपल्या संपल्या काढलेला, मुका. कुणा जर्मन थिएटरवाल्याच्या तळघरात सत्तर वर्षं पडून होता. नातवानं घर विकायला काढलं तेव्हा पत्र्याचे डबे निघाले. गोष्ट मात्र त्याच्याही शंभर वर्षं मागची. फ्रेंच फौजेनं एक गाव काबीज केलंय, घराघरांत शिपाई येऊन उतरलेत, लोकांच्या ताटातलं जेवतात आणि लोकांच्या बिछान्यात झोपतात. गिरणीवाल्याच्या घरात फौजेला हवा असलेला एक माणूस लपलाय. घरात दोन बायका, एक गिरणीवाल्याची मुलगी आणि दुसरी तिच्याच वयाची, कामाला असलेली. कुणीतरी फितूर होतं आणि तो माणूस पकडला जातो. एवढं समजायला कांचनला आठवडा लागला, कारण डब्यांतून आली होती ती मूळ निगेटिव्ह, आणि त्या काळी निगेटिव्ह गोष्टीच्या क्रमानं ठेवतच नसत. स्वैपाकघरातले सगळे तुकडे एका गुंडाळीत, बाहेरचे दुसऱ्या. प्रत्येक तुकड्याच्या तोंडाशी कुणीतरी सुईनं आकडा कोरलेला, त्या आकड्यांवरून जोडायचं. बोललेली वाक्यं एकेका चौकटीवर, डोळा लवला तर निसटतील अशी. जर्मन डिक्शनरी घेऊन ती वाक्यं लावणं आणि तुकड्यांना क्रम देणं, हे या वेळी हॅरल्डनं तिच्यावर सोपवलं होतं. हॅरल्ड तिचा साहेब, साठीचा, सज्जन, तिला कॅन्चन म्हणायचा.

तर हात थांबला तो एका बाईच्या हातांपाशी. कामाला असलेली ती मुलगी टेबलाशी उभी राहून पीठ मळत होती. मळता मळता तिची बोटं थांबतात, मान न वळवता फक्त डोळे कोपऱ्यातल्या कपाटाकडे जातात, आणि बोटं पुन्हा चालू होतात. दीड सेकंदाचं काम. पडद्यावर बघणाऱ्याला कळलंही नसतं, पण कांचनच्या समोर ते तीस चौकटींत पसरलं होतं, आणि तीस वेळा ते थांबलेले हात तिनं बघितले. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. गोरी माणसं काळी दिसतात, सोनेरी केस काळेभोर, बुबुळं पांढरी. ते अख्खं जर्मन गाव काचेवर काळंसावळं होऊन बसलं होतं. नागपुरातल्या गड्डीगोदामच्या गल्लीतल्या बायाच जणू फ्रिलचे झगे घालून उभ्या होत्या. पहिल्या दिवशी तिला या गोष्टीचं हसू आलं होतं. आज त्या मुलीच्या काळ्या गालांकडे, काळ्या केसांकडे आणि पिठानं काळ्या झालेल्या बोटांकडे बघताना तिला हसू आलं नाही. ते हात तिच्या ओळखीचे होते.

अठ्ठ्याऐंशीच्या सप्टेंबरात, गणपतीच्या आदल्या दिवशी, विनीताताईंच्या किचनमध्ये कांचन मोदक वळत होती. विनीताताई म्हणजे इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या जगन्माता. कुणाला खोली हवी, कुणाला डोहाळजेवण हवं, सगळं त्यांच्या दारातून. कांचन नवऱ्याबरोबर येऊन तेव्हा वर्षच झालं होतं. एकनाथनं निघायच्या आधी कोर्टात जाऊन आडनाव बदलून हिंगणकर केलं होतं. 'कर' लागलं की माणूस कुठंही खपतं, असं त्याचं म्हणणं, आणि ते खरंच होतं. विनीताताईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, "हिंगणकर म्हणजे तुम्ही..." आणि वाक्य अर्धं सोडलं. कांचन नुसती हसली. उरलेलं त्यांनी स्वतःच्या मनानं भरून घेतलं आणि तेव्हापासून कांचन त्यांच्यातली झाली. हे इतकं सोपं होतं की तिला महिनाभर झोप नीट लागली नव्हती. तर त्या दिवशी उकड पुढ्यात, आणि तिनं जन्मात मोदक वळला नव्हता. तिच्या घरी दीक्षाभूमीला जायचं, वंदना म्हणायची, डिसेंबरात सहा तारखेला चूल पेटायची नाही. मोदक कुणी वळायचे? पाकळ्या एकमेकींत मिसळत होत्या. विनीताताई तिच्या बोटांकडे बघत होत्या. "हात बसलेला नाही तुझा," त्या म्हणाल्या, प्रेमानंच म्हणाल्या, आणि मग, "तुमच्याकडे किती दिवसांचा असतो गं?"

"दीड दिवसाचा," कांचन म्हणाली. खोटं किती गुळगुळीत निघतं तोंडातून.

"आणि शीलाकडे? तिला मी दोनदा म्हटलं मोदकांना ये, तर लायब्ररीत पळाली."

शीला विनीताताईंच्याच बेसमेंटमध्ये भाड्यानं राहायची. नागपूरला हॉस्टेलवर कांचनची रूममेट, एका ताटात जेवलेली, इथं येऊन पीएचडी करणारी. कांचनला 'माहीत नाही' म्हणता आलं असतं. 'विचारा की तिलाच' म्हणता आलं असतं. पण विनीताताईंची नजर तिच्या बोटांवर होती, आणि ती नजर तिथून हलावी एवढंच तिला त्या क्षणी हवं होतं, जगातलं दुसरं काहीही नको होतं. बोटं थांबली. "तिच्याकडे नाही बसत गणपती," ती म्हणाली, आणि बोटं पुन्हा चालू झाली. विनीताताई म्हणाल्या, "अच्छा." एवढंच. नजर बोटांवरून उठली, खिडकीतून बाहेर गेली आणि परत काही आली नाही. त्यानंतरचे मोदक कांचनला चक्क जमायला लागले.

आठ आठवड्यांनी विनीताताईंचा भाऊ येणार असल्यामुळे शीलाला खोली सोडावी लागली. तो भाऊ काही आला नाही, कधीच आला नाही. सेमिस्टर ऐन भरात, थंडी पडलेली. शीलानं मंडळातल्या पाच घरी विचारलं आणि पाची घरी कुणाचा ना कुणाचा भाऊ येणार होता. पंधरा दिवस ती लॅबमध्ये दोन खुर्च्या जोडून झोपली, मग चार दिवस कांचनच्या सोफ्यावर. कांचननं तिच्या केसांना तेल लावून दिलं. शीलाचं डोकं मांडीवर होतं आणि ती रडत म्हणत होती, "इथं कुणाला माहीत असायचं कारणच नाही गं. मृणालिनीच असणार. ती उन्हाळ्यात येऊन राहिली ना माझ्याकडे, वरती जाऊन विनीताताईंशी गप्पा छाटायची. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही." मृणालिनी तिसरी रूममेट, मिनेसोटात ईडन प्रेरीला राहणारी. तिनं तर आपल्या हॉलमध्ये बाबासाहेबांचा हा एवढा फोटो लावलेला. आलागेला माणूस बूट काढायच्या आधी तोच बघायचा. जिनं कधी काही लपवलं नाही तिच्यावरच चुगलीचा आळ यावा, ही पण एक गंमतच. तेलाचा हात डोक्यावरून फिरवत कांचन म्हणाली, "असेल." पहिलं वाक्य भीतीनं निघालं होतं, त्याला निदान तेवढी सबब होती. या 'असेल'ला कुठलीही सबब नव्हती. शीलाची पीएचडी सुटली. मास्टर्स घेऊन ती न्यू जर्सीला गेली, आयसेलिनला स्थिरावली, मृणालिनीशी तिनं जन्माचं तोडलं. आणि दर रविवारी सकाळी दहाला ती कांचनला फोन करायची. अख्ख्या अमेरिकेत तो एकच अर्धा तास होता ज्यात कांचनला आपण कोण हे लपवावं लागत नव्हतं. तो गेला तर मागं काय उरेल, हा हिशोब करायला ती घाबरायची.

दुपारी हॅरल्ड तिच्या टेबलाशी आला. "या तुकड्याचा आकडा सडून गेलाय," तो म्हणाला. "अधिकारी विचारतो, 'या घरात तुझ्याशिवाय कोण आहे?', तो तुकडा चव्वेचाळीस. ही बाई कपाटाकडे बघते ते त्याच्या आधी की नंतर? आधी असेल तर ती बिचारी घाबरलीय, नंतर असेल तर तिनं त्या माणसाला विकलंय. तुला काय वाटतं, कॅन्चन? तूच ठरव." तो कॉफी घेऊन गेला. कांचननं भिंग लावलं. ठरवायचं असं काही नव्हतंच. अधिकारी प्रश्न विचारताना टेबलावरचा पाव अख्खा होता. विचारता विचारता तो सुरी उचलतो आणि पाव कापतो. बाई कपाटाकडे बघते तेव्हा तिच्या कोपराशी पाव कापलेला आहे, अर्धा. हॅरल्डला चष्म्यातून दिसलं नसेल, पण आहे ते आहे. तिनं कागद ओढला आणि लिहिलं, 'क्रमांक बहुधा एकेचाळीस. प्रश्नाच्या आधी.' पेन खाली ठेवल्यावर तिला इतकं हलकं वाटलं की तिनं हॅरल्डच्या डब्यातलं बिस्किट उचलून खाल्लं. सत्तर वर्षांपूर्वीच्या एका नटीला वाचवून आपण बिस्किट खातोय, हे तिचं तिलाच विचित्र वाटलं.

वाचवलेली माणसं गप्प बसतात असं कुणी सांगितलं? दुसऱ्या दिवशी तिनं सहज तोच तुकडा पुन्हा लावला आणि तिला वाटलं, बाईचे डोळे पूर्ण कपाटाकडे नाहीत. काल होते. आज ते कपाट आणि आपण यांच्या मधे कुठंतरी आहेत. तिनं तिसाच्या तीस चौकटी तपासल्या. निगेटिव्ह कुठं बदलत असते, वेडे, असं स्वतःला मराठीत म्हणाली, मोठ्यांदा, तेव्हा पलीकडच्या टेबलावरच्या माणसानं मान वर केली. संध्याकाळी ती लेकीचा, रोशनीचा फ्रॉक घ्यायला देशी दुकानांच्या डेव्हन ॲव्हेन्यूला उतरली. दिवसभर उजेडाच्या काचेत बघितलं की डोळे जरा वेळ उलटे चालतात, हे तिला ठाऊक होतं. पण त्या दिवशी ते सुलटे व्हायला तयारच होईनात. साडीच्या दुकानाच्या काचेत बायका पांढऱ्याफटक चेहऱ्यांच्या, पांढऱ्या केसांच्या, त्यांच्या कपाळावरची कुंकवं नुसती भोकं झालेली. त्यांच्यात एक थांबलेली होती आणि ती कांचनच होती. मिठाईवाल्यानं "क्या दूँ, भाभी?" विचारलं तर ती पेढ्यांच्या ताटाकडे बघत राहिली. जानेवारीत याच दुकानातून एकनाथनं पेढे नेले होते. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं त्या दिवशी शीला फोनवर हमसाहमशी रडली होती, इकडे कांचनही रडली होती. आणि त्यानंतर विनीताताई दारात आल्या तेव्हा त्याच पेढ्यांतला एक त्यांच्या हातावर ठेवून कांचननं सांगितलं होतं की रोशनीचं रिपोर्ट कार्ड आलं.

घरी भात वाढताना तिला भाताला वास आला. तोच, मोज्यांचा. तिनं ताट बाजूला सारलं. "काय झालं?" एकनाथनं विचारलं. तो मुळात बरा माणूस, फक्त फार दमलेला. तिनं सांगितलं. सगळं नाही, विनीताताईंच्या किचनमधलं तेवढं. त्याला ते पाच वर्षांपूर्वीच कळलं असावं, कारण त्यानं मान वर केली नाही. "गेलं ते. मढं उकरून कुणाचं भलं होतं? शीला सेटल झाली, मृणालिनी मजेत आहे. आणि तू सांगितलंस तर ते शीलापाशी थांबेल? विनीताताईंपर्यंत जाईल. रोशनीचा सगळा ग्रुप त्यांच्या घरी नाचाला जातो, कांचन." रोशनीनं टीव्हीवरून नजर न काढता विचारलं, "व्हॉट मढं?" कांचननं हात धुतले, साबण लावून पुन्हा धुतले, आणि नाकाशी धरले तर वास हाताला नव्हताच. तो कुठून येत होता ते तिला सापडलं नाही.

रविवारी दहाला फोन वाजला. "ऐक ना," शीला म्हणाली, "चौदा एप्रिलला मी हॉल घेतलाय, ओक ट्री रोडच्या मागं. साठेक माणसं होतील. तू यायचंस, कारणं नकोत. आणि गंमत सांगते, मृणालिनीचं पत्र आलंय."

"काय म्हणतेय?"

"उघडलंय कुणी? ड्रॉवरमध्ये टाकलं. साडेपाच वर्षांनी जाग आली बाईला. कधी वाटतं उघडावं, यार. कधी वाटतं तसंच फाडून टाकावं. तू सांग."

फोनच्या वायरीशी कांचनची बोटं खेळत होती, ती थांबली. पत्रात काय असणार? मी नव्हते बोलले, हेच असणार. मग शीला विचार करायला लागणार, मग कोण, आणि शीला हुशार होती. "राहू दे," कांचन म्हणाली. "उगाच मनस्ताप कशाला करून घेतेस?" बोटं पुन्हा वायरीशी खेळायला लागली. फोन ठेवल्यावर तिला भरून आलं, पण रडू आलं नाही. आता आपण घाबरलोसुद्धा नव्हतो, हे तिच्या ध्यानात आलं होतं.

सोमवारी तिनं सहावी गुंडाळी उघडली, बाहेरच्या तुकड्यांची. वास डब्याचं झाकण उघडताच आला. गाव पुलावर जमलंय. फौज निघून गेलीय, आता हिशेब चुकते करायचे. गावकरी गिरणीवाल्याच्या मुलीला ओढत आणतात. तिचे केस भादरलेत, पायांत काही नाही. फ्रेंच अधिकारी एकदा तिच्याशी बोलताना कुणी पाहिलं होतं म्हणे, तेवढा पुरावा लोकांना पुरला. तिला पुलापलीकडे हाकलून देतात. बाया चिखल फेकतात. आणि त्या गर्दीत, दुसऱ्या रांगेत, ती उभी आहे, पिठाच्या हातांची. ती चिखल फेकत नाही, रडतही नाही. सगळं गाव त्या मुलीकडे बघतंय आणि ही एकटी समोर बघते, कॅमेऱ्यात, भिंगात, कांचनच्या डोळ्यात. काळ्या तोंडात दोन पांढरी बुबुळं. कांचननं भिंग काढलं. मग तिनं जे केलं ते त्या इमारतीत कुणी करत नाही: उजेड बंद केला, आणि अंधारात फिल्मवर तळहात ठेवून बसून राहिली. फिल्म थंड असायला हवी होती. ती कोमट होती. दिव्याची ऊब असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं, आणि दिवा लावून पाच मिनिटंही झाली नव्हती, हेही तिला माहीत होतं.

गुरुवारपर्यंत ती गुंडाळी भराभर सडत गेली. थंड खोलीत ठेवूनही सड थांबेना. हॅरल्ड म्हणाला की चाळीस वर्षांत अशी घाई त्यानं पाहिली नाही. आधी पूल गेला, मग आभाळ. गर्दीतली माणसं एकेक करून फोडांत विरत गेली, तांबूस भुकटी होऊन हातमोज्यांना लागली. हाकललेली मुलगी बुधवारी गेली. फक्त दुसऱ्या रांगेतला तो एक चेहरा तसाच राहिला, स्वच्छ, कडा धारदार, चारी बाजूंनी सड येऊन त्याच्यापाशी थबकलेली. केमिस्ट्रीत याला कारण सांगता येतं. एखाद्या जागी फिल्मची धुलाई नीट झालेली असते, तिथं चित्रातली चांदी टिकते. कांचननं ते कारण मनात तीनदा म्हटलं. तरी तिला कळत होतं की ही बाई कुणी तरी यावं म्हणून थांबलेली आहे, ती सत्तर वर्षं थांबली आहे, आणि तिला वाचवणारं माणूस नकोय. अख्खं गाव पुसलं गेलं तरी जे केलं ते केलेलंच राहिलं होतं. तिनं हॅरल्डला बोलावलं, स्वैपाकघरातला तुकडा लावला आणि कापलेल्या पावावर बोट ठेवलं.

"मी चुकीचं लिहिलं होतं," ती म्हणाली. "हे नंतरचं आहे."

हॅरल्डनं बराच वेळ बघितलं. "तुला हे आधी दिसलं नव्हतं?"

"दिसलं होतं."

त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि खिशातलं पेन काढलं. जुना कागद त्यानं फाडला नाही. त्यावर तारीख घालून नवा त्याला जोडला, कारण तिथं चुकलेले कागदही जपून ठेवायची पद्धत होती. कांचननं ठरवलं, रविवारी सांगायचं. शीला तोडेल तर तोडेल. मृणालिनी त्या पुलावर साडेपाच वर्षं अनवाणी उभी आहे, तिला परत आणायचं. हे ठरवल्यावर तीन रात्री ती गाढ झोपली.

रविवारी एकनाथ रोशनीला नाचाला सोडायला गेला. दहा वाजायला पाच कमी असतानाच फोन आला. कांचननं वाक्य तोंडात तयार ठेवलं होतं, पण शीलाचा आवाज ऐकून ते तिथंच राहिलं. तो आवाज हॉस्टेलमधला होता, वीस वर्षांच्या मुलीचा, भिजलेला आणि मोकळा.

"उघडलं मी," शीला म्हणाली. "पत्र. राहवेना गं. कांचन, तिनं कबूल केलंय."

"कुणी?"

"मृणालिनीनं, आणखी कुणी? थांब, वाचते. 'शीला, तेव्हा मी भांडले, मी नाही म्हणाले, कारण मला आठवत नव्हतं. पण तू म्हणतेस म्हणजे मीच असणार. इतकी वर्षं रोज विचार करकरून आता मला ते आठवायला लागलंय. विनीताताईंचं किचन आहे. त्या आणि मी मोदक वळतोय. त्या तुझ्याबद्दल विचारतात, आणि माझी बोटं थांबतात, आणि मी सांगून टाकते की तिच्याकडे गणपती बसत नाही. बोटं परत चालू होतात. हे मला रोज दिसतं. मी चुकले. मला परत घे.' ऐकतेयस ना?"

कांचन ऐकत होती. मृणालिनी उन्हाळ्यात आली होती, जूनमध्ये. गणपतीत ती मिनेसोटात होती. त्या किचनमधलं ते वाक्य त्या दोघींशिवाय कुणी ऐकलं नव्हतं, बोटं थांबलेली तर विनीताताईंनाही ठाऊक नसतील. कांचननं स्वतःच्या मनात ते किचन शोधलं आणि क्षणभर तिला ते सापडलं नाही. ओटा होता, परात होती, विनीताताई होत्या, आणि त्यांच्या शेजारी मृणालिनी उभी होती, तिच्या निळ्या स्वेटरमध्ये, बोटांना उकड लागलेली. किती व्यवस्थित बसत होतं सगळं. आता सांगायलाच काही उरलं नव्हतं. मृणालिनीला परत घेतलं गेलं होतं, शीलाचा आवाज वीस वर्षांचा झाला होता, रविवार शाबूत होता. कुणाचंही काही बिघडत नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं, आणि ते तर तिला येत होतं.

"मी काल फोन केला तिला," शीला सांगत होती. "दोघी मिळून दोन तास रडलो. म्हटलं, झालं, माफ केलं, विषय संपला. मला वाटलं नव्हतं गं मला जमेल. किती जड होतं ते मी आत्ता सांगू शकते. ती चौदाला येतेय. तिघी एका खोलीत झोपू."

"शीला," कांचन म्हणाली, "ती नव्हती. मी होते."

"काय?"

"मोदक मी वळत होते. मी सांगितलं विनीताताईंना. त्या माझ्या हाताकडे बघत होत्या, मला भीती वाटली, मी तुझं नाव पुढं केलं. तू माझ्या मांडीवर रडत होतीस तेव्हाही मला माहीत होतं."

आयसेलिनच्या घरात एक नळ गळत असावा, त्याचा आवाज येत होता. कांचन वाट बघत राहिली. शीला शिव्या देईल, ओरडेल, असं तिनं हजारदा मनात पाहिलं होतं आणि त्या प्रत्येक शिवीला तिची तयारी होती.

"म्हणजे तिनं न केलेलं कबूल केलं," शीला शेवटी म्हणाली. आवाज चढला नव्हता. तो फक्त पुन्हा तिच्या वयाचा झाला होता. "मी तेव्हा तिला ठासून सांगितलं आणि साडेपाच वर्षांत तिला ते दिसायला लागलं."

"शीला, मला माफ..."

"साडेपाच वर्षं लागली गं मला ती माफी जमवायला," शीला म्हणाली. "होती नव्हती ती सगळी काल तिला देऊन टाकली. आता तुझ्यासाठी कुठून आणू?"

कांचननं फोनची वायर बोटाभोवती गुंडाळली.

"ठेवते," शीला म्हणाली. "मला मृणालिनीला फोन करायचाय. तिला सांगायला हवं की तिनं काही केलं नव्हतं. आता तिला ते पटेल की नाही, देव जाणे."